परतफेडीचे वेळापत्रक बसवताना : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर २०२४

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

भाऊबीज झाली, आज कार्यालय उघडले आणि अंबाजोगाईच्या शाखेत नव्या कर्ज-सॉफ्टवेअरचे उरलेले काम हाती घेतले. आमच्या सूक्ष्मवित्त संस्थेने अपाचे फिनरॅक्ट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घेतले असून शाखेतील कर्मचारी त्याला जोडलेल्या मिफोस या वेब-पडद्यावरून त्यात नोंदी करतात. बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील केंद्रे, गट आणि सभासद यांची माहिती दिवाळीपूर्वीच भरून झाली आहे. आता कर्जयोजना तयार करायच्या आहेत आणि प्रत्येक योजनेतून हप्त्यांचा तक्ता नेमका कसा निघावा हे ठरवायचे आहे.

कर्जयोजनेच्या अर्जात सॉफ्टवेअर व्याजाची पद्धत, दिवसांची मोजणी, हप्त्याचे अंतर, सुरुवातीची सूट, हप्त्याची रक्कम कितीच्या पटीत घ्यायची, सुट्टीचा नियम असे एकामागून एक प्रश्न विचारते. बहुतेक प्रश्नांची उत्तरे आधीच भरलेली असतात आणि ती तशीच ठेवून पुढे गेले तरी तक्ता तयार होतो, कोठेही चुकीची सूचना येत नाही. पण त्यांतल्या प्रत्येक उत्तराने केज किंवा औसा तालुक्यातल्या एखाद्या घरातून कोणत्या दिवशी किती पैसे बाहेर पडणार हे ठरते. म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम केला : आधीच भरलेले उत्तर ठेवायचे असेल तरी ते का ठेवले याचे कारण या नोंदवहीत लिहायचे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला प्रश्न व्याजाच्या पद्धतीचा होता. संस्थेच्या जुन्या एक्सेलमध्ये फ्लॅट पद्धत होती, म्हणजे मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज काढून त्याचे समान भाग करायचे. नव्या धोरणानुसार व्याज घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच, आकारायचे आहे. दोन्हींतला फरक सर्व शाखाधिकाऱ्यांच्या लक्षात यावा म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर एकच कर्ज दोन्ही पद्धतींनी काढून दाखवले.

कर्ज ३०,००० रुपये, दर वर्षाला २४ टक्के, मासिक हप्ते बारा. फ्लॅट पद्धतीने व्याज ७,२०० रुपये होते आणि हप्ता ३,१०० रुपये येतो. घटत्या शिल्लकीवर महिन्याला २ टक्के धरले तर हप्ता २,८३६ रुपये ७९ पैसे येतो आणि एकूण व्याज सुमारे ४,०४१ रुपये होते. कागदावर दर दोन्हीकडे २४ टक्केच लिहिलेला असतो. ३,१०० रुपयांच्या हप्त्यावरून उलट हिशेब केला, तर घटत्या शिल्लकीवरचा खरा दर सुमारे ४१.७ टक्के निघतो. बैठकीत एका शाखाधिकाऱ्यांनी हा आकडा स्वतः मोबाइलवर पडताळून पाहिला आणि मग फ्लॅटचा पर्याय योजनेतून कायमचा बंद ठेवावा ही सूचना त्यांनीच केली. ती मान्य झाली. हप्ता समान ठेवायचा आहे, दर महिन्याला समान मुद्दल घ्यायची नाही, कारण समान मुद्दल घेतली तर पहिला हप्ता ३,१०० रुपये येतो, आणि नवा व्यवसाय सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात हातात सर्वांत कमी पैसा असतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस दिवसांच्या मोजणीतच गेला, आणि तो द्यावा इतका हा विषय महत्त्वाचा आहे.

आमच्या केंद्रांच्या बैठका तारखेने ठरत नाहीत, वाराने ठरतात. उदाहरणार्थ, केज तालुक्यातील एक केंद्र दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी भरते. सॉफ्टवेअरमध्ये ‘महिन्यातून एकदा, दुसरा सोमवार’ असे अंतर देता येते, ही सोयीची गोष्ट आहे. परंतु दोन दुसऱ्या सोमवारांमधले अंतर कधी २८ दिवसांचे असते, तर कधी ३५ दिवसांचे. ११ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर हे २८ दिवस होतात, ९ डिसेंबर ते १३ जानेवारी हे ३५ दिवस होतात, आणि पुढे १० फेब्रुवारी व १० मार्चपर्यंत पुन्हा अठ्ठावीस-अठ्ठावीस.

येथे दोन वाटा आहेत. व्याजाची मोजणी हप्त्याच्या कालावधीइतकी धरली आणि महिना ३० दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचे ठेवले, तर प्रत्येक कालावधीला २ टक्के लागतात, मग तो २८ दिवसांचा असो वा ३५ दिवसांचा. व्याज रोजच्या रोज मोजले आणि वर्ष ३६५ दिवसांचे धरले, तर ३०,००० रुपयांवर दिवसाला १९ रुपये ७३ पैसे होतात. २८ दिवसांचे ५५२ आणि ३५ दिवसांचे ६९० रुपये. पहिली वाट समजायला सोपी आहे, लेखापाल ताईंचा कलही तिकडेच होता, कारण कार्डावरचे आकडे ओळीने उतरत जातात. दुसऱ्या वाटेत एक अडचण आहे. २,८४० रुपयांचा हप्ता धरून पाहिले, तर पहिल्या हप्त्यात व्याज ५५२ रुपये येते आणि दुसऱ्या हप्त्यात, शिल्लक २७,७१२ रुपयांवर उतरलेली असूनही, ६३८ रुपये येते. मुद्दल फेडल्यावर व्याज वाढले कसे, हा प्रश्न कोणतीही जागरूक सभासद विचारणार, आणि तिने तो विचारलाच पाहिजे.

तरीही रोजची मोजणी स्वीकारली. पैसा जितके दिवस सभासदाकडे राहिला तितक्याच दिवसांचे व्याज घ्यावे, हे तत्त्व एकदा मान्य केले की बाकीची अडचण समजावून सांगण्याची उरते आणि समजावून सांगणे हे आमचे कामच आहे. कर्ज कार्डावर प्रत्येक हप्त्यासमोर ‘दिवस’ असा स्वतंत्र रकाना घालायचा, म्हणजे व्याज कमीजास्त का झाले ते तिथेच दिसेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

कर्ज दिल्याची तारीख आणि पहिल्या हप्त्याची तारीख यांच्यातील अंतराचा आज निर्णय झाला. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी व्याज आकारणीबाबत परिपत्रक काढले आहे. काही संस्था कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करारावर सही झाल्याच्या दिवसापासून व्याज लावतात, पैसे मात्र नंतर देतात. काही संस्था महिन्याच्या मध्येच दिलेल्या कर्जावरही पूर्ण महिन्याचे व्याज घेतात. काही आगाऊ हप्ता कापून घेतात आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर मोजतात, असे तपासणीत आढळल्याचे त्यात म्हटले असून असे जादा व्याज परत करण्यास त्या संस्थांना सांगण्यात आले.

आमच्या रचनेत या तिन्ही गोष्टी घडूच नयेत अशी मांडणी केली. तक्ता मंजुरीच्या वेळी दिसतो तो केवळ अंदाज असतो. पैसे खात्यात जमा झाल्याची खरी तारीख टाकली की तो नव्याने तयार होतो, आणि कार्ड त्यानंतरच छापायचे. चाचणीसाठी १६ नोव्हेंबरला कर्ज दिले असे धरले : ९ डिसेंबरपर्यंत २३ दिवस होतात, व्याज ४५३ रुपये ७० पैसे. जुन्या पद्धतीने येथे पूर्ण महिन्याचे ६०० रुपये लागले असते. एका सभासदामागे १४६ रुपयांचा हा फरक आहे. धारूर तालुक्यात तेवढ्यात शेळीच्या चाऱ्याची थोडीफार सोय होते, म्हणून तो किरकोळ आहे असे मला वाटत नाही.

कर्ज आणि पहिला हप्ता यांत किमान १५ दिवसांचे अंतर ठेवले. ५ डिसेंबरला पैसे घेतलेल्या बाईने ९ तारखेला पहिला हप्ता द्यावा, यात कोणताच अर्थ नाही. तिचा पहिला हप्ता १३ जानेवारीला जाईल आणि व्याज ३९ दिवसांचे लागेल. ते कर्ज देतानाच तिला सांगायचे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हप्ता १० रुपयांच्या पटीत घेण्याचे ठरले. २,८३६ रुपये ७९ पैशांऐवजी २,८४० रुपये. दर हप्त्याला तीन-सव्वातीन रुपये जास्त जातात आणि शेवटचा हप्ता तेवढ्याने कमी होतो. महिन्याला २ टक्क्यांच्या साध्या हिशेबात तो सुमारे २,७९७ रुपये येतो. पट १०० ची घ्यावी अशी वसुली विभागाची सूचना होती. सुट्ट्या पैशांची अडचण खरी आहे, पण त्यासाठी हप्ता २,९०० करणे मला पटले नाही आणि ते नोंदवून ठेवले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्ट्यांची यादी भरली. सॉफ्टवेअरमध्ये सुट्टी शाखेला जोडता येते, तिला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा तारखा असतात आणि त्या काळातले हप्ते कोणत्या दिवशी घ्यायचे ती तारीखही द्यावी लागते. सुट्टी नुसती भरून चालत नाही, ती सक्रियही करावी लागते. अन्यथा ती यादीत दिसते आणि तक्त्यावर तिचा काहीच परिणाम होत नाही. शाखेतील प्रशिक्षणात हा मुद्दा दोनदा सांगावा.

येत्या बुधवारी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचे मतदान आहे. त्या दिवशीच्या सर्व बैठका २१ तारखेला घेण्याचे ठरले. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला दुसरा सोमवार येतो आणि त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आहे. त्या केंद्रांचा हप्ता १५ एप्रिलला ठेवला. ‘पुढच्या बैठकीच्या दिवशी ढकला’ असाही एक पर्याय आहे, पण मासिक केंद्रात त्याचा अर्थ दोन हप्ते एका महिन्यात असा होतो. सुट्टी एका दिवसाची असेल, तर हप्ताही एकाच दिवसाने सरकला पाहिजे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज क्षेत्र अधिकाऱ्यांबरोबर धारूर तालुक्यातील एका वस्तीवर जाऊन आले. या भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. यंदा गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू झाल्यामुळे बऱ्याच घरांना कुलपे होती. केंद्राच्या बैठकीला मोजक्याच बायका होत्या, त्यातही बहुतेक म्हाताऱ्या. एका मावशींनी सुनेचे कर्ज कार्ड माझ्यासमोर धरले आणि विचारले, ‘‘मॅडम, ती आता चैतात येणार. तोवर ह्यो हप्ता म्या कुठून भरू?’’

हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नीट मांडून पाहिला पाहिजे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामापूर्वी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते, बहुधा पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या आसपास, आणि ती मुलांचे शिक्षण, दवाखाना, लग्न, जुनी देणी यांत खर्च होते. हंगामात फडावर आठवड्याच्या खर्चीपुरते पैसे मिळतात, कारण मजुरी उचलीत वळती होत असते. मार्च-एप्रिलमध्ये हिशेब होतो. काही हातात येते किंवा उलट बाकीच अंगावर निघते. याचा अर्थ असा, की नोव्हेंबर ते मार्च या काळात त्या घरात हप्त्यासाठी पैसा नसतो आणि हप्ता देणारी बाईही गावात नसते.

अशा बाईला मे महिन्यात नेहमीचे बारा मासिक हप्त्यांचे कर्ज दिले, तर नोव्हेंबरचा हप्ता चुकतो, मग डिसेंबरचा, मग जानेवारीचा. नव्वद दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक ठरते, कर्जदारांच्या परतफेडीची माहिती ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांकडे तशी नोंद जाते आणि एप्रिलमध्ये ती परत येऊन पैसे भरायला तयार असली तरी पुढचे कर्ज तिला कोणी देत नाही. तिने काहीही बुडवलेले नसते. तिच्या घराचे वर्ष ज्या महिन्यांनी चालते ते महिने तक्ता तयार करणाऱ्याने विचारातच घेतलेले नसतात. थकबाकीचे मूळ अनेकदा सभासदाच्या वर्तनात शोधले जाते. ते पहिल्या दिवशी छापलेल्या तक्त्यात असू शकते, ही गोष्ट संचालक मंडळापुढे स्पष्टपणे मांडणार आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रिझर्व्ह बँकेचे १४ मार्च २०२२ चे सूक्ष्मवित्त कर्जांविषयीचे निर्देश पुन्हा वाचले. ते १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कर्जदाराच्या गरजेनुसार हप्त्यांचे अंतर लवचिक ठेवता यावे यासाठी संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असावे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा ऊसतोड कुटुंबांसाठी वेगळी योजना करण्यास नियमांची आडकाठी नाही. उलट नियमांचीच ती अपेक्षा आहे.

योजना अशी केली : २०,००० रुपये, मे महिन्यात वितरण, जून ते ऑक्टोबर पाच मासिक हप्ते, त्यानंतर थेट एप्रिल. यासाठी योजनेत बदलते हप्ते ठेवण्याचा पर्याय चालू केला आणि दोन हप्त्यांमधील कमाल अंतर १९० दिवस दिले. मग मंजुरीपूर्वी तक्त्यातल्या तारखा आणि रकमा हाताने बदलता येतात. चाचणीत १३ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुद्दल १०,००० रुपयांवर आणली. तेथून १३ एप्रिल २०२६ हे १८२ दिवस होतात आणि त्यांचे व्याज १,१९७ रुपये येते.

हा आकडा लपवायचा नाही. हंगामात हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असा समज सहज होऊ शकतो. सॉफ्टवेअरमध्ये मुद्दलाला सूट, व्याज पुढे ढकलणे आणि ठरावीक काळ व्याजच न लावणे असे तीन वेगवेगळे पर्याय आहेत आणि पडद्यावर ते एकाखाली एक असल्यामुळे चुकून दुसराच भरला जाण्याची शक्यता आहे. पहिल्या दोन्हींत व्याज चालूच राहते. ३०,००० रुपयांच्या नेहमीच्या कर्जाला पहिले दोन महिने मुद्दलाची सूट दिली, तर त्या दोन महिन्यांत दरमहा ६०० रुपये व्याज भरावे लागते, पुढचे दहा हप्ते ३,३४० रुपयांच्या आसपास जातात आणि एकूण व्याज सुमारे ५५७ रुपयांनी वाढते. सूट हवी की नको हे सभासदाने हा आकडा पाहून ठरवावे.

ऊसतोड हंगामात व्याजाचा दर कमी करता येईल का, असा प्रस्तावही मंडळाकडे पाठवला आहे. तो माझ्या अधिकारातला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बुधवारच्या बैठका आज झाल्या. हप्ते २१ तारखेलाच देय दिसत होते, कोणाच्याही नावावर एक दिवसाची थकबाकी पडली नाही. ऊसतोडीला गेलेले काही जण मतदानासाठी आले होते. त्यांच्यातील दोघींनी हप्ताही भरला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

औसा आणि रेणापूर भागातील शेतकरी गटांचा तक्ता आज घेतला. सोयाबीन जून-जुलैत पेरतात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढतात, म्हणून आमच्या जुन्या योजनेत एकरकमी परतफेडीची तारीख १५ ऑक्टोबर होती. पण पीक निघणे आणि पैसा हातात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आहे आणि बाजारातला दर त्याच्या खाली आहे. शासकीय खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, ती या महिन्यात १५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली. तोवर अनेकांनी माल घरातच ठेवला. ज्याच्यावर १५ ऑक्टोबरचा हप्ता होता, त्याला मिळेल त्या भावाने विकावे लागले. हप्त्याची तारीख शेतकऱ्याचा भाव ठरवते, इतका तिचा परिणाम होतो.

नव्या योजनेत दोन हप्ते केले : अर्धी मुद्दल १५ डिसेंबरला, उरलेली १५ मार्चला. मार्चपर्यंत तूर विकली गेलेली असते आणि हरभरा निघत असतो. व्याज दोन्ही वेळी त्या दिवसापर्यंतचे. आधी भरणाऱ्याला व्याज त्या दिवसापर्यंतचेच लागेल. सूक्ष्मवित्त कर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी दंड घेताच येत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत ज्यांचे पीक गेले त्यांच्यासाठी हा तक्ताही पुरेसा नाही. त्यांची कर्जे पुनर्रचनेच्या सोयीतून घ्यावी लागतील. तेथे कोणत्या तारखेपासून बदल, मध्ये किती हप्त्यांची सूट आणि मुदत किती वाढवायची हे स्वतंत्रपणे देता येते, आणि मंजुरी दुसऱ्या अधिकाऱ्याने द्यावी असे बंधन आम्ही ठेवले आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अर्धवट रक्कम आली तर ती कशात जमा करायची? सॉफ्टवेअरमध्ये आधी दंड, मग शुल्क, मग व्याज, मग मुद्दल असा एक क्रम आहे. दुसऱ्या क्रमात व्याज आणि मुद्दल आधी, दंड आणि शुल्क शेवटी असतात. भारतीय नियमांच्या नावाने दिलेला आणखी एक क्रम आहे, त्यात मागील आणि चालू अशा सर्व हप्त्यांचे व्याज प्रथम घेतले जाते आणि मुद्दलाला नंतर हात लागतो.

आधी दंड घेतला, तर बाईने पूर्ण २,८४० रुपये आणून दिले तरी त्यातले काही दंडात जातात, हप्ता थोडक्यासाठी अपुरा राहतो आणि थकीत दिवस वाढतच जातात. दंड शेवटी घेतला तर हप्ता पूर्ण होतो, दिवस थांबतात आणि दंड बाजूला उभा राहतो, त्याविषयी नंतर बोलता येते. दुसरा क्रम निवडला. दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागेल, संपूर्ण कर्जावर नाही, आणि दंडावर पुन्हा व्याज चढणार नाही, हेही तपासले. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर दंड हा व्याजात मिसळून घेता येत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

जुनी चालू कर्जे. त्यांच्या हातात फ्लॅट पद्धतीची छापील कार्डे आहेत. ती नव्या योजनेत टाकली तर सॉफ्टवेअर हप्ते नव्याने काढेल आणि कार्डावर एक, पडद्यावर दुसरेच असे होईल. सभासदाच्या हातातले कार्ड हा आमचा शब्द आहे, म्हणून जुने तक्ते तारीख आणि रक्कम यांसह जसेच्या तसे चढवले. मात्र ज्या कर्जांत व्याज मंजुरीच्या तारखेपासून लागलेले आढळले, त्यांची वेगळी यादी केली. ३०,००० रुपयांवर सहा दिवसांचा फरक असेल तर ११८ रुपये होतात. ही रक्कम शेवटच्या हप्त्यात न वळवता सभासदाच्या खात्यात परत जमा करण्याचे ठरले, म्हणजे पैसे परत आले हे तिला दिसेल.

९ डिसेंबर, सोमवार

केजच्या केंद्रात नव्या तक्त्याने पहिली वसुली झाली. जानेवारीच्या ओळीत व्याज जास्त का, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. गटप्रमुख ताईंनी ‘दिवस’ रकान्यातील ३५ वर बोट ठेवले आणि इतर बायकांना त्यांनीच समजावले. कार्डावरचा अक्षराचा आकार मात्र लहान आहे, तो वाढवायला छपाईकडे सांगितले.

१२ डिसेंबर, गुरुवार

१ ऑक्टोबरपासून नव्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी एका जागी सांगणारा कागद, द्यावे लागते आणि त्यात वार्षिक टक्केवारी दरासह (शुल्क धरून पडणारा वर्षाचा दर) हप्त्यांचा तक्ताही जोडावा लागतो. ३०,००० रुपयांवर १ टक्का प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ३५४ रुपये कापले, तर हातात २९,६४६ रुपये पडतात आणि २४ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात सुमारे २६.३ टक्के होतो. पत्रकात हाच आकडा ठळक छापला आहे.

याच पत्रकाबरोबर उत्पन्नाची तपासणीही जोडली. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंतच्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. महिन्याला १५,००० रुपये उत्पन्न आणि आधीचे ४,८०० रुपयांचे हप्ते असतील, तर आमचे २,८४० मिळवून ७,६४० होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. मुदत पंधरा महिने केली तर हप्ता सुमारे २,३३५ रुपये येतो आणि तो बसतो, पण व्याज साधारण ५,०२१ रुपयांपर्यंत जाते. कर्जाची रक्कम कमी करावी की मुदत वाढवावी, हे क्षेत्र अधिकाऱ्याने परस्पर ठरवू नये म्हणून दोन्ही तक्ते शेजारी छापून सभासदापुढे ठेवण्याची सोय केली.

ऊसतोड कुटुंबांसाठी ही तपासणी पुरेशी नाही. वर्षाचे उत्पन्न बाराने भागले की जानेवारीतही तेवढेच पैसे आहेत असे दिसते. म्हणून त्यांच्या अर्जात महिनावार आवक-जावकीचा जादा तक्ता घातला असून तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

३० डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आहे. लातूर, धाराशिव आणि आमच्या अंबाजोगाई भागातही त्या दिवशी घरे बंद करून सगळे शेतात असतात, भज्जी आणि आंबिलीच्या जेवणाला. राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीतून आणलेल्या तक्त्यात हा दिवस नव्हता. सुट्टी शाखेला जोडता येते याचा येथे खरा उपयोग झाला : तेवढ्याच शाखांना ती लावली आणि हप्ता ३१ डिसेंबरला नेला. आठवडाभर पुढे नेला असता, तर ३०,००० रुपयांच्या शिलकीवर सात दिवसांचे १३८ रुपये व्याज वाढले असते. एका दिवसाचे वीस रुपयांच्या आत राहते. पुढील वर्षीच्या यादीसाठी प्रत्येक शाखेकडून गावजत्रांच्या तारखाही मागवल्या आहेत.

२७ डिसेंबर, शुक्रवार

१ जानेवारी २०२५ पासून पतमाहिती कंपन्यांना कर्जांची माहिती महिन्याऐवजी दर पंधरवड्याला द्यायची आहे. चुकीच्या तक्त्यामुळे दिसणारी थकबाकी आता दुप्पट वेगाने बाहेर जाईल. त्यामुळे माहिती पाठवण्याच्या आदल्या दिवशी एक यादी आपोआप निघेल अशी व्यवस्था केली : ज्या केंद्रात एकाच दिवशी निम्म्याहून अधिक सभासद थकीत दिसतात ती केंद्रे. एवढ्या बायकांनी एकाच दिवशी हप्ता चुकवला असेल, तर आधी आमची सुट्टी, आमचा वार आणि आमची तारीख तपासायची आणि मगच माहिती पुढे पाठवायची.

ऊसतोड योजनेला मंडळाची मंजुरी मिळाली, हंगामातील कमी दराचा प्रस्ताव मात्र मार्चच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे. धारूरच्या त्या केंद्रातील चालू कर्जांची पुनर्रचना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करायची आहे. सभासद फडावर असल्याने त्यांची संमती फोनवरून घेऊन ती ध्वनिमुद्रित ठेवायची आणि सही एप्रिलमध्ये घ्यायची, असे विधी सल्लागारांना कळवले असून त्यांच्या उत्तरानंतर नोंद पुढे चालू ठेवीन.